‘तू जसा आहेस तसाच छान’ हे वाक्य झाकून बघा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही बालवाडीत शिकवता. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘स्वतःची ओळख’ या विषयावर चित्रपुस्तक लिहिलं आहे. त्यात रंगू नावाचा सरडा मोराकडे, पोपटाकडे, सशाकडे, फुलपाखराकडे जातो, प्रत्येकासारखं व्हायला बघतो, कुठेच जमत नाही, हिरमुसतो, आणि शेवटी एक म्हातारा सरडा त्याला सांगतो, ‘तू जसा आहेस तसाच छान आहेस.’ मजकूर साधारण चौदाशे शब्दांचा. दोन प्रकाशकांनी परत पाठवला. एकानं ‘विषय चांगला, पण पुस्तक होत नाही’ एवढंच कळवलं. आता तुम्ही विचारताय की गोष्ट बदलू, भाषा सोपी करू, की आधी एखादा चांगला चित्रकार गाठू?

मी गेली एकवीस वर्षं मराठी चित्रपुस्तकांचं संपादन करते, आणि जवळजवळ तितकीच वर्षं दर शनिवारी एका वस्तीतल्या वाचनालयात मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. ‘पुस्तक होत नाही’ हे उत्तर मीही लोकांना दिलेलं आहे. ते अपुरं आहे. लिहिणाऱ्याच्या हातात त्यातून काहीच पडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाषा सोपी करून हे सुटणार नाही, तुमची भाषा सोपीच आहे. चित्रकार मिळूनही सुटणार नाही. अडचण ही आहे की ‘मी कोण?’ हा प्रश्न तुम्हाला पडलाय. रंगूला तो पडलेला नाही, आणि समोर मांडी घालून ऐकणाऱ्या मुलाला तर नाहीच नाही.

तान्ह्या बाळाला तीट लावतात ते आठवा. सात-आठ महिन्यांचं बाळ आरशात बघतं तेव्हा आतल्या बाळाकडे बघून हसतं, त्याला हात लावायला जातं. पुढे दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कधीतरी तेच मूल आरशात बघतं आणि हात स्वतःच्या गालावरच्या तिटेकडे नेतं. ब्यूला ॲम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका असाच होता. मुलाच्या नाकाला गुपचूप लाली लावायची, आरशासमोर न्यायचं आणि हात कुठे जातो ते बघायचं. स्वतःची ओळख पटण्याची ही पहिली दिसणारी खूण, आणि तिच्यात एकही वाक्य नाही. हात आहे, गाल आहे, एक ठिपका आहे.

त्यानंतरची दोन-तीन वर्षंही अशीच असतात. चार वर्षांच्या मुलाला ‘तुझ्याबद्दल सांग ना’ म्हटलं की ते काय सांगतं हे तुम्ही रोज ऐकता. माझी सायकल लाल आहे. मला काकडी नाही आवडत. मला दोन पायांनी उडी येते. माझी आजी गावाला असते. ‘मी चित्रात हुशार आहे, पण पळण्यात नाही’ असं स्वतःला दुसऱ्यांशी ताडून बघणं पुढे, सात-आठच्या आसपास सुरू होतं. आणि ‘मी आहे तसा मला मान्य आहे’ हे तर मोठ्या माणसालाही बऱ्याच कष्टानं मिळतं. ते चार वर्षांच्या मुलासमोर ठेवलं की ते मान डोलावतं, कारण मान डोलावली की बाई खूश होतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण मग ‘परत वाच’ म्हणत नाही. तुम्ही ही गोष्ट वर्गात वाचून दाखवली असेल तर मुलं कुठल्या पानाशी रेंगाळली ते आठवा. मला वाटतं मोराच्या पिसाऱ्यापाशी.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळी मुलं एकाच वेळी एकाच जागी नसतात. घरात नुकतंच दुसरं बाळ आलेलं मूल, जुळ्यातलं एक, दत्तक आलेलं, नुकतंच गाव बदललेलं, रंगावरून किंवा चष्म्यावरून चिडवलं जाणारं, अशा मुलांना ‘मी यांच्यातली आहे का?’ हे फार लवकर पडतं. पण त्यांचाही प्रश्न मोघम नसतो. ‘माझं पिवळं पांघरूण बाळाला का दिलं?’ असा असतो. पांघरुणाचं पुस्तक होतं. ‘माझं घरातलं स्थान’ याचं होत नाही.

आता सरड्याकडे येऊ. रंग बदलणारा प्राणी आणि ओळखीचा शोध ही जोडी इतकी पटकन सुचते की १९७५ या एकाच वर्षी अमेरिकेत तिच्यावर दोन चित्रपुस्तकं निघाली, एक एरिक कार्ल यांचं आणि एक लिओ लिओनी यांचं. ही दोन्ही नावं घ्यायचं कारण एवढंच की त्यांच्या शेवटात तुमच्या अडचणीचं उत्तर आहे. कार्ल यांचा सरडा प्राणिसंग्रहालयात जाऊन एकेका प्राण्याचं एकेक काही मागत सुटतो आणि शेवटी त्याचं असं कडबोळं होतं की समोर माशी आली तरी ती पकडता येत नाही. भूक तर लागलेली. म्हणून त्याला पुन्हा सरडा व्हायचं असतं. तिथे कुणी समजावत नाही, पोट समजावतं. लिओनी यांच्या सरड्याला दुःख हे की आपल्याला स्वतःचा असा रंगच नाही. तो कायम एका हिरव्या पानावर राहायचं ठरवतो, तर पान पिवळं पडतं, मग लाल होतं, मग गळून जातं. शेवटी त्याला वयानं मोठा दुसरा सरडा भेटतो. स्वतःचा रंग त्याच्याकडेही नसतो. पण तो म्हणतो, आपण दोघं बरोबर राहू, म्हणजे एकमेकांसारखे तरी असू. तुमच्याही गोष्टीत म्हातारा सरडा आहे. तुमचा म्हातारा रंगूला एक वाक्य देतो, तो म्हातारा सोबत देतो. चार वर्षांच्या मुलाला सोबत म्हणजे काय ते कळतं.

शिवाय मराठीतला सरडा आधीच दोन ओझी घेऊन येतो. ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ हे आपण बेभरवशाच्या माणसाला म्हणतो, आणि ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ हे ज्याची मजल फार नाही त्याला. मुलाला हे माहीत नसेल, पण पुस्तक मांडीवर घेऊन वाचणाऱ्या आजोबांना माहीत असतं आणि ते त्यांच्या आवाजात उतरतं. तेव्हा एकतर प्राणी बदला, नाहीतर त्या म्हणीलाच भिडा. समजा, एका मुलीनं आजोबांना टीव्हीवरच्या कुणा पुढाऱ्याबद्दल ‘सरडा आहे नुसता!’ म्हणताना ऐकलं, आणि ती दुपारभर कुंपणापाशी बसून खऱ्या सरड्याकडे बघत राहिली. त्याची मान लाल होते, तो पाठ उंचावतो, पण दिवसभर सरडाच राहतो. संध्याकाळी ती आजोबांना काय सांगेल? हे सुचलं म्हणून लिहिलं. वापरावंसं वाटलं तर तुमचं.

तुम्ही प्रश्नात कुरूप पिल्लाचा उल्लेख केलाय, ‘तसं काहीतरी करायचं होतं’ म्हणून. हान्स अँडरसननं ती गोष्ट १८४३ मध्ये लिहिली आणि गदिमांच्या गाण्यामुळे ती मराठी घराघरांत आपलीच झाली. मी स्वतः ते गाणं माझ्या मुलांना झोपवताना म्हटलंय. तरी नव्या लेखकांना मी तो साचा वापरू नका असं सांगते. त्या पिल्लाची सुटका कशी होते बघा. ते मुळात बदक नसतंच, त्यांच्याहून देखण्या घराण्यातलं निघतं. मग वर्गातलं जे मूल राजहंस निघणार नाही त्यानं काय करायचं? आणि त्याला टोचणारी बदकं गोष्टभर जशीच्या तशी राहतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. तुमच्याही गोष्टीत मोर, पोपट, ससा, फुलपाखरू यांचं काहीच बिघडत नाही. ‘तू आमच्यासारखा नाहीस’ म्हणून ते मोकळे, आणि मन बदलायचं काम एकट्या रंगूचं. संपादक म्हणून माझा पहिला प्रश्न हाच असतो की या गोष्टीत बदलायला कुणी हवं? पुष्कळदा उत्तर नायक सोडून दुसरंच कुणीतरी असतं, आणि तिथून गोष्ट हलायला लागते.

एक प्रसंग सांगते. शनिवारी वाचनालयात मुलांना ‘स्वतःचं चित्र काढा’ म्हणून कागद दिले होते. खडूंच्या डब्यात तो फिकट गुलाबीसर खडू असतो ना, ज्याला सगळी मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात? (अमेरिकेत क्रेयोला या खडू बनवणाऱ्या कंपनीनं त्यांच्या तशा खडूचं ‘फ्लेश’ म्हणजे मांस-कातडीचा रंग हे नाव १९६२ मध्ये काढून ‘पीच’ केलं. आपल्या वर्गांत ‘स्किन कलर’ अजून ठाण मांडून आहे.) पाच वर्षांच्या एका मुलीनं त्या खडूनं चेहरा रंगवला. मग डावा हात कागदाशेजारी टेकवला आणि बघत राहिली. कागद उलटा केला. नवा चेहरा काढला, चॉकलेटी खडू घेतला. तो फार गडद झाला. त्यावर पिवळा घासला, मग थोडा तो ‘स्किन कलर’. परत हात टेकवला. मग तिनं शेजारच्या मुलाचा हात ओढून त्याच्या कागदावर ठेवला आणि म्हणाली, “तुला नुसता चॉकलेटी नाही चालणार. थोडा नारिंगी लागेल.” पुढचा अर्धा तास ती एकेकाचा हात धरून रंग जुळवत होती. शेवटी माझाही धरला. “तुमचा सोपा आहे,” म्हणाली, आणि हाताच्या पाठीवरचे डाग बघून, “पण ठिपके काढावे लागतील.”

त्या अर्ध्या तासात ‘मी जशी आहे तशी’ हे कुणीच म्हटलं नाही. पण बघा, त्यात पुस्तकाला लागणारं सगळं आहे. तिला काहीतरी हवं होतं, रंग जुळायला हवा होता. हाताशी होतं ते पुरेना. तिनं काहीतरी केलं, चुकलं, परत केलं. आणि शेवटी बाकीची मुलं बदलली, कारण त्या दिवसानंतर त्या टेबलावर ‘स्किन कलर दे’ असं कुणी म्हटलं की दुसरं कुणीतरी विचारायचं, ‘कुणाची?’

तुमच्या वर्गात अशा जागा रोज असतात. हजेरीचंच घ्या. घरी जो बाबू, पिल्लू, दाद्या नाहीतर ठमी असतो, त्याला शाळेत पहिल्याच दिवशी आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा लांबलचक आगगाडीनं हाक मारली जाते. कित्येक मुलं पहिले काही दिवस ‘हजर’ म्हणतच नाहीत. लाजतात असं आपण धरून चालतो, पण खरं म्हणजे हाक कुणाला मारली हेच त्यांना कळलेलं नसतं. घरच्या नावाचा बाबू आणि हजेरीतलं ते मोठं नाव एकाच मुलाचं आहे हे त्याला कळतं तो दिवस, हे ओळखीचं पुस्तक आहे. त्यात आता आणखी एक गोष्ट आली आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लागतं. ही मुलं तुमच्या वर्गात येतील तेव्हा त्यांची आगगाडी एका डब्यानं लांब असेल, आणि तो डबा आईचा असेल. मला स्वतःला यावर कुणीतरी छान लिहिलेलं वाचायचं आहे. फक्त पात्राला आडनाव देताना सांभाळा. मुलाला तो नुसता आवाज असतो, वाचणाऱ्या मोठ्या माणसाला त्यात जात दिसते. एकतर देऊ नका, नाहीतर का देतोय ते तुमच्या मनाशी स्पष्ट असू द्या.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये एक छोटा लेख लिहिला. पुस्तकं कधी खिडकी असतात, कधी सरकतं काचेचं दार, कधी आरसा, आणि उजेड बरोबर पडला की खिडकीचाही आरसा होतो, असं त्यात म्हटलं आहे. हे मला वाचून जेवढं कळलं होतं त्याहून जास्त पालघर जिल्ह्यातल्या एका वर्गात कळलं. एका पुस्तकात कोपऱ्यात कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं घर होतं. गोष्टीशी त्याचा काही संबंध नव्हता, चित्रकारानं पार्श्वभूमी म्हणून काढलेलं. तासभर गप्प बसलेल्या एका मुलानं उठून येऊन त्यावर बोट ठेवलं आणि घरच्या बोलीत दोन-तीन वाक्यं भराभर बोलला. मला निम्मी कळली. भिंतीचा कुठला कोपरा उंदरानं पोखरलाय, हे तो सांगत होता. गोष्टीचा नायक शहरातला, इमारतीत राहणारा मुलगा होता, त्याच्याशी याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला त्याचा आरसा कोपऱ्यात सापडला. तेव्हापासून चित्रकाराला मी कोपऱ्यांबद्दल फार छळते.

म्हणून माझं मत असं की रंग, बोली, घर, आडनाव असल्या गोष्टींसाठी प्राणी घेऊ नयेत. भीती, हट्ट, लाज, हरवणं यांना प्राणी उत्तम, कारण मुलाला थोडं लांब उभं राहून बघता येतं. पण जिथे मोठ्यांनाच विषय टाळायचा असतो तिथे प्राणी त्यांना पळवाट देतात. ‘ते सरड्याचं आहे, आपलं नाही.’ याच्याशी सहमत नसलेले चांगले संपादक आहेत, हेही सांगून ठेवते.

आता मराठीच्या घडणीबद्दल, कारण ओळखीच्या पुस्तकात ती पावलोपावली आडवी येते. तुम्ही पुढचं पुस्तक ‘मी’ वापरून लिहायचं म्हणताय. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? ‘मी खेळतो’ की ‘मी खेळते’? पहिल्याच क्रियापदाला मूल मुलगा की मुलगी ते ठरून जातं. इंग्रजीला ती सक्ती नाही. एकदा एका इंग्रजी पुस्तकाचं मराठी करून घेत होते, त्यातलं मूल मुलगा की मुलगी हे लेखिकेनं मुद्दाम उघड केलेलं नव्हतं. आमच्या पहिल्या खर्ड्यात दुसऱ्याच ओळीला ते मुलगा होऊन बसलं आणि तीन वाचनांत कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मग कागद घेऊन बसले आणि मराठीत बोलणाऱ्याचं लिंग कुठे दिसत नाही ते लिहून काढलं. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी चित्र काढलं’ इथे क्रियापद आंब्यामागे, पोळीमागे जातं, खाणारा मोकळा राहतो. ‘मी जाईन, मी बघीन’ इथेही मोकळा. ‘मला आवडतं, मला भीती वाटली, मला येतं’ सगळी मोकळी. ‘मी जात नाही’ मोकळं. पण ‘मी आले’, ‘मी विसरलो’, ‘मी बोलले’, ‘मी जेवलो’ आलं की सापडलात. सगळं पुस्तक आम्ही या वाटांनी नेलं. वाचताना कुठेही अडखळत नाही, आणि वर्गात निम्मी मुलं त्या मुलाला ‘तो’ म्हणतात, निम्मी ‘ती’.

प्रत्येक पुस्तकाला एवढा खटाटोप नको. पण आपल्याकडे ‘ते’ आहे, हे विसरू नका. ते मूल, ते पोर, ते पिल्लू. हिंदीत हे नाही. कोकणीत तर मुलीला ‘चेडूं’ म्हणतात आणि लहान मुलीबद्दल ‘तें’ असंच बोलतात. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात. आणि लाडात येऊन मुलीला ‘आला माझा सोन्या’ म्हणणाऱ्या आया तर सगळीकडे आहेत. तुमचं पात्र जिथलं आहे तिथल्यासारखं बोलू द्या, आणि कुणी संपादक ते ‘शुद्ध’ करायला लागला तर वाद घाला. घरची बोली पुस्तकात छापलेली दिसणं हाही त्या मुलाला आरसाच आहे.

पुस्तकाच्या बांधणीबद्दल थोडं. आठ कोरे ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, मध्ये दोन पिना मारा. बत्तीस पानं झाली. छापखान्यात सोळा पानांचा फर्मा धरतात, असे दोन फर्मे म्हणजे बत्तीस. मराठीत खर्चामुळे सोळा किंवा चोवीस पानांची पुस्तकंही खूप निघतात. मुखपान, प्रकाशनाची माहिती वगैरे सोडली की गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या तेरा-चौदा जोड्या उरतात. तुमचे चौदाशे शब्द त्यात वाटले तर एकेका जोडीला शंभर शब्द. मूल चित्र बघून मोकळं होईल आणि तुम्ही अजून वाचतच असाल. तीनशेच्या आसपास या. कसं? तुमचंच वाक्य घेते: ‘रंगूनं मोराचा निळा-हिरवा चमचमणारा पिसारा पाहिला आणि आपल्याला असा पिसारा नाही म्हणून त्याला खूप वाईट वाटलं.’ निळा-हिरवा चित्रात दिसणार आहे. चमचमणारा दिसणार आहे. वाईट वाटलं हे रंगूच्या मानेत दिसलं पाहिजे. मग शब्दांना काय उरतं? ‘रंगूनं शेपटी हलवून बघितली.’ पान उलटा. ‘परत हलवून बघितली.’ त्या पान उलटण्याच्या क्षणात मूल हसतं, आणि हसता हसता त्याला रंगूची कीव येते. तुम्ही ‘वाईट वाटलं’ म्हणून ते झालं नसतं.

शेवटच्या पानावरचं ते वाक्य तर आजच हातानं झाका आणि पुस्तक परत वाचा. वाक्याशिवाय गोष्ट कोसळत असेल तर आधीच्या पानांनी काम केलेलं नाही. कोसळत नसेल, तर वाक्याची गरज नाही.

चित्रकाराचा प्रश्न पटकन संपवते. नव्या लेखकानं चित्रकार शोधून, पैसे देऊन चित्रं काढून घेऊ नयेत. चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशक ठरवतो, आणि आधीच काढलेली चित्रं त्याला आवडली नाहीत तर मजकूरही मागे पडतो. गोष्ट कळायला आवश्यक असेल तिथेच कंसात ‘चित्रात:’ असं लिहून एक ओळ द्या. तुम्ही स्वतः चित्रकार असाल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या प्रश्नावरून तसं वाटत नाही. पाठवण्याआधी ज्योत्स्ना प्रकाशन, तुलिका, प्रथम बुक्स यांची पुस्तकं हातात घेऊन बघा, प्रत्येकाचा कल वेगळा आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीतही पुष्कळ पुस्तकं मोफत वाचायला ठेवली आहेत. त्यातली चाळीस-पन्नास वाचा आणि वही घेऊन प्रत्येक पानावरचे शब्द मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण दहा लेखन-कार्यशाळांत शिकवता येणार नाही ते त्यातून हाताला लागतं.

आणि मग ती पिना मारलेली बत्तीस पानं. त्यांत काड्यांची माणसं काढा, सरडा असेल तर दोन रेघांचा सरडा काढा, मजकूर पेन्सिलीनं लिहा. वर्गात सगळ्यांना एकदम वाचून दाखवू नका. पाच-सहा मुलं चटईवर घ्या, मधल्या सुट्टीनंतर, पोट भरलेलं असताना. ‘काय कळलं?’ असं शेवटी अजिबात विचारू नका. पुस्तक तिथेच चटईवर उघडं ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागल्यासारखं करून बघत राहा. कुणी ना कुणी ते ओढून घेईल. मागे-पुढे करत एका पानाशी थांबेल, आणि बोट ठेवून शेजारच्याला स्वतःबद्दल काहीतरी सांगायला लागेल. त्या पानाच्या कोपऱ्यात बारीक खूण करून ठेवा आणि नवा खर्डा तिथून सुरू करा.